बाझिन्स्की, व्हिंत्सेन्ती

(२० सप्टेंबर १८३८–२ मे १८९९). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पोलिश कॅथलिक धर्मगुरू आणि शिकागो येथील सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका या धर्मग्रामाचा पंचवीस वर्षे प्रमुख. अमेरिकेत तो फादर व्हिन्सेंट या नावाने ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी व मजूर वर्गाला शाळा, वृत्तपत्र, अनाथालय, पतपेढी व परस्पर साहाय्यक मंडळे असे एक संपूर्ण सामाजिक जग उभारून देणारा संघटक म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याचबरोबर धर्मग्रामाची मालकी कोणाची, बिशपची की ज्यांच्या वर्गणीतून चर्च उभे राहिले त्या लोकांची, या अमेरिकेतील पोलिश समाजाला दुभंगणाऱ्या वादातही तो प्रमुख पक्षकार होता. त्याचे चरित्र म्हणजे या दोन्ही गोष्टींचा एकत्रित इतिहास होय.

पूर्वपीठिका : रशिया व प्रशिया यांनी १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळा, तर ऑस्ट्रियाने १७७२ व १७९५ मध्ये पोलंडची वाटणी केली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंडचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले. पुढील सव्वाशे वर्षे पोलिश लोकांना स्वतःचे शासन नव्हते. १८३०–३१ आणि १८६३–६४ या वर्षांतील रशियाविरुद्धचे दोन मोठे उठाव अयशस्वी झाले. दुसऱ्या उठावानंतर रशियाने आपल्या ताब्यातील भागातील बहुतेक मठ बंद केले व शासनव्यवहारात आणि शाळांत रशियन भाषेची सक्ती वाढवीत नेली. प्रशियाच्या ताब्यातील भागात बिस्मार्कने १८७१ नंतर कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली. ग्नेझ्नो व पॉझ्नानचा आर्चबिशप ल्येदुखोव्हस्की याला १८७४ मध्ये कारावासात टाकण्यात आले. रशियाचा अधिकृत धर्म ऑर्थोडॉक्स, तर प्रशियाच्या राज्यकर्त्यांचा प्रॉटेस्टंट. अशा परिस्थितीत कॅथलिक असणे आणि पोलिश असणे या दोन गोष्टी सामान्य शेतकऱ्याच्या मनात एकरूप झाल्या. राज्य, न्यायालय व शाळा परक्यांची होती. चर्च तेवढे आपले होते. गावचा धर्मगुरू हाच बहुधा गावातील एकमेव सुशिक्षित पोलिश माणूस असे.

अमेरिकेत जाणारा शेतकरी ही भावना बरोबर घेऊन गेला. तेथे मात्र कॅथलिक चर्चची सूत्रे प्रामुख्याने आयरिश वंशाच्या बिशपांकडे होती. त्यांना पोलिश भाषा येत नव्हती आणि नवागतांनी लवकरात लवकर इंग्रजीभाषी समाजात मिसळावे, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटे. बाझिन्स्कीचे कार्य या दोहोंमधील अवकाशात घडले.

पूर्वायुष्य : बाझिन्स्कीचा जन्म रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये सान्दोम्येझजवळील सुलिस्लाव्हित्से या गावी झाला. लहानपणी त्याची प्रकृती नाजूक होती व त्यामुळे त्याचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. १८५६ मध्ये त्याने लुब्लिन येथील धर्मशिक्षणालयात प्रवेश घेतला व १८६१ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर लुब्लिन धर्मप्रांतात त्याने साहाय्यक धर्मगुरू म्हणून काम केले. जानेवारी १८६३ मध्ये रशियाविरुद्ध उठाव सुरू झाला, तेव्हा अनेक तरुण धर्मगुरूंप्रमाणे तोही त्यात सहभागी झाला. बंडखोरांना शस्त्रे व इतर सामग्री पुरविण्याच्या कामात त्याचा हात होता. उठाव मोडल्यावर तो सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात गेला. तेथे त्याला काही काळ कैदेत राहावे लागले. सुटका झाल्यावर तो पॅरिसला पोहोचला. उठावातील पराभवानंतर देशाबाहेर पडलेल्या हजारो पोलिश निर्वासितांपैकी तो एक होता.

पॅरिस व रोम येथील वास्तव्यात त्याचा पुनरुत्थान संघाशी संबंध आला. १८३० च्या उठावानंतर फ्रान्समध्ये आलेल्या निर्वासितांपैकी बोगदान यान्स्की याने १८३६ मध्ये पॅरिसमध्ये या संघाचा पाया घातला होता. प्योत्र सेमेनेन्को व हिएरोनिम कायशेव्हिच हे त्याचे प्रमुख अनुयायी. शस्त्राच्या बळावर देश मुक्त होत नाही. समाजाचे नैतिक व धार्मिक पुनरुत्थान झाल्यावाचून राष्ट्राचे पुनरुत्थान होणार नाही, अशी त्यांची धारणा होती. उठावाचा पराभव प्रत्यक्ष अनुभवलेल्या तरुण बाझिन्स्कीला ही विचारसरणी पटली व १८६६ मध्ये तो संघात दाखल झाला. त्याच्या पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांचे मूळ या विचारात सापडते.

टेक्ससमधील कार्य : टेक्ससमधील गॅल्व्हस्टनचा बिशप क्लोद द्युब्वी याला आपल्या धर्मप्रांतातील पोलिश वसाहतींसाठी धर्मगुरू हवे होते. त्याच्या विनंतीवरून पुनरुत्थान संघाने १८६६ मध्ये काही धर्मगुरू तिकडे पाठविले. आदोल्फ बाकानोव्हस्की हा त्यांचा प्रमुख व बाझिन्स्की हा त्याचा सहकारी होता. टेक्ससमधील पान्ना मारिया ही अमेरिकेतील सर्वांत जुनी पोलिश वसाहत मानली जाते. अप्पर सायलीशियातील फ्रान्सिस्कन धर्मगुरू लेओपोल्ड मोचिगेंबा याच्या प्रेरणेने आलेल्या शेतकरी कुटुंबांनी डिसेंबर १८५४ मध्ये ती वसविली. पाठोपाठच्या अवर्षणात पिके बुडाली, तेव्हा आपल्याला या ओसाड प्रदेशात आणल्याबद्दल लोकांनी मोचिगेंबालाच दोष दिला आणि १८५६ मध्ये त्याने ती वसाहत सोडली. स्थलांतरितांच्या सुखदुःखाची सर्व जबाबदारी धर्मगुरूवर येऊन पडते, हे या घटनेतून दिसून आले.

बाझिन्स्कीने सॅन अँटोनिओ व त्याच्या परिसरातील पोलिश वस्त्यांत सुमारे आठ वर्षे काम केले. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते व टेक्ससमध्ये कायदा व सुव्यवस्था दुर्बळ होती. घोड्यावरून दूरच्या वस्त्यांना भेटी देणे, बाप्तिस्मा, विवाह व अंत्यसंस्कार पार पाडणे, मुलांना अक्षरओळख करून देणे, जमिनीचे व्यवहार समजावून सांगणे अशी नानाविध कामे धर्मगुरूला करावी लागत. धर्मग्राम आणि शाळा एकाच वेळी उभी राहिली पाहिजेत, हा टेक्ससमधील अनुभवाचा धडा त्याने पुढे शिकागोत अमलात आणला.

शिकागोतील धर्मग्राम : शिकागोच्या वायव्य भागात नोबल स्ट्रीटच्या परिसरात पोलिश वस्ती १८५० नंतर वाढू लागली. जवळच शिकागो नदीच्या उत्तर शाखेच्या काठी कातडी कमावण्याचे व लोखंडाचे कारखाने होते. तेथे अंगमेहनतीची कामे मिळत. या वस्तीतील रहिवाशांनी १८६४ मध्ये संत स्तानिस्लाव्ह कोस्तका याच्या नावाने एक परस्पर साहाय्यक मंडळ स्थापन केले. त्यातूनच १८६७ मध्ये धर्मग्राम निर्माण झाला. म्हणजे येथे आधी लोकांचे मंडळ, नंतर धर्मग्राम व त्यानंतर धर्मगुरू असा क्रम होता. पुढील वादाच्या दृष्टीने हा क्रम महत्त्वाचा आहे.

बिशप टॉमस फोली याने १८७१ मध्ये पुनरुत्थान संघाचा वरिष्ठ कायशेव्हिच याच्याशी एक करार केला. त्यानुसार शिकागोतील पोलिश धर्मग्रामांचा कारभार ९९ वर्षांसाठी या संघाकडे सोपविण्यात आला. बिशपला पोलिश भाषा जाणणारे व शिस्तबद्ध धर्मगुरू मिळाले. संघाला कार्यक्षेत्र मिळाले. सामान्य लोकांचा मात्र या करारात कोठेही संबंध नव्हता.

बाझिन्स्की १८७४ मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका धर्मग्रामाचा प्रमुख झाला. त्या वेळी तेथे १८७१ मध्ये बांधलेले लहानसे चर्च होते व ते अपुरे पडू लागले होते. १८७७ मध्ये त्याने नव्या चर्चची पायाभरणी केली. ब्रुकलिनचा वास्तुशिल्पज्ञ पॅट्रिक कीली याने त्याचा आराखडा प्रबोधनकालीन शैलीत केला. १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या या विटांच्या भव्य वास्तूवर १८९२ मध्ये दोन उंच मनोरे चढविण्यात आले. रोजंदारीवर जगणाऱ्या मजुरांच्या वर्गणीतून ही वास्तू उभी राहिली.

धर्मग्रामाची वाढ झपाट्याने झाली. १८९७ च्या सुमारास त्यात सु. ८,००० कुटुंबे व ४०,००० लोक होते. अमेरिकेतील तो सर्वांत मोठा धर्मग्राम होता. दर रविवारी वरच्या सभागृहात सहा व तळघरातील सभागृहात सहा अशा बारा मिस्सा होत. पॉझ्नान, सायलीशिया, गॅलिशिया, रशियन पोलंड व कशुबियन किनारपट्टी अशा निरनिराळ्या प्रदेशांतून, निरनिराळ्या बोली बोलत आलेले हे लोक होते. मायदेशी त्यांपैकी अनेकांची ओळख आपल्या गावापुरती किंवा प्रांतापुरती असे. एकाच चर्चमध्ये, एकाच शाळेत व एकाच मंडळात एकत्र आल्यावर आपण सर्व पोलिश आहोत, ही जाणीव त्यांच्यात दृढ झाली.

एका चर्चमध्ये एवढा समाज मावणे अशक्य होते. त्यामुळे बाझिन्स्कीच्या काळात शिकागोत अनेक पोलिश धर्मग्राम स्थापन झाले. सेंट अ‍ॅडलबर्ट (१८७४), सेंट जोसाफट (१८८४), सेंट हेडविग (१८८८), सेंट जॉन कँटियस (१८९३) व सेंट हायसिंथ (१८९४) हे त्यांपैकी काही होत. जागा निवडणे, कर्ज मिळविणे, धर्मगुरू नेमणे अशा कामांत त्याचा शब्द निर्णायक असे.

संस्थात्मक कार्य : बाझिन्स्कीच्या दृष्टीने धर्मग्राम हे केवळ उपासनेचे ठिकाण नव्हते. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सर्व गरजा पोलिश भाषेत व कॅथलिक वातावरणात भागल्या पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. धर्मग्रामाच्या शाळेत धर्मभगिनी शिकवीत असत. मुले पोलिश व इंग्रजी या दोन्ही भाषा शिकत. शतकाच्या अखेरीस या एका शाळेत हजारो मुले शिकत होती. १८९० मध्ये मुलग्यांच्या पुढील शिक्षणासाठी सेंट स्टॅनिस्लॉस कॉलेज सुरू झाले. पुढे ते वेबर हायस्कूल या नावाने चालले व १९९९ मध्ये बंद झाले. गॅलिशियातून आलेला शिक्षक व नाटककार श्चेन्सनी झाहाइकेव्हिच याला धर्मग्रामाच्या शाळेत आणण्यात आले. त्याने लिहिलेली पोलिश इतिहासावरील नाटके धर्मग्रामाच्या रंगमंचावर होत असत व दिवसभर कारखान्यात राबणारे लोक ती पाहण्यास गर्दी करीत.

वृत्तपत्रांचे सामर्थ्य बाझिन्स्कीने लवकर ओळखले होते. त्याचा भाऊ यान बाझिन्स्की हा पत्रकार होता व त्याने मिसूरी राज्यात पिएल्गझिम (यात्रेकरू) हे पोलिश पत्र चालविले होते. व्वादिस्वाव्ह द्यिनेव्हिच याचे गझेता पोल्स्का हे शिकागोतील पत्र १८७३ पासून धर्मगुरूंच्या वर्चस्वावर टीका करीत होते. त्याला उत्तर देण्यासाठी व कॅथलिक पक्षाची बाजू मांडण्यासाठी बाझिन्स्कीच्या पुढाकाराने १५ डिसेंबर १८९० रोजी जेन्निक शिकागोस्की हे दैनिक निघाले. ते १९७१ पर्यंत चालले. स्थलांतरितांच्या भाषेतील एका दैनिकाने एवढा दीर्घ काळ टिकावे, हे उल्लेखनीय आहे.

धर्मभगिनींच्या संघांनाही त्याने साहाय्य केले. १८८५ मध्ये फ्रान्चिश्का शेद्लिस्का ही पोलिश धर्मभगिनी आपल्या अकरा सहकारिणींसह शिकागोत आली. तिने स्थापन केलेल्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या भगिनी या संघाने पोलिश शाळा चालविण्यास घेतल्या व १८९४ मध्ये रुग्णालयही सुरू केले. १८९३ च्या आर्थिक मंदीत शिकागोतील असंख्य मजूर बेकार झाले. सेंट स्टॅनिस्लॉस धर्मग्रामातील योझेफा दुद्झिक ही शिवणकाम करणारी अविवाहित स्त्री आपल्या राहत्या घरात निराधार वृद्ध व आजारी स्त्रियांना आश्रय देत असे. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा तिने एखादे घर घेऊन मैत्रिणींच्या मदतीने हे काम चालविण्याचा विचार बाझिन्स्कीपुढे मांडला. हे काम टिकावयाचे असेल, तर त्यासाठी धर्मभगिनींचा संघच हवा, असे त्याचे मत पडले. त्याप्रमाणे ८ डिसेंबर १८९४ रोजी एका फ्रान्सिस्कन संघाची स्थापना झाली. १८९८ मध्ये शहराच्या अ‍ॅव्हनडेल भागात वृद्ध व अपंगांसाठी त्याचे एक गृह उघडले. दुद्झिक १९१८ मध्ये निवर्तली. १९९४ मध्ये कॅथलिक चर्चने तिला ‘वंदनीय’ ही पदवी दिली. या प्रसंगात बाझिन्स्कीची कार्यपद्धती स्पष्ट दिसते : लोकांमधून वर आलेल्या चांगल्या कल्पनेला तो पाठिंबा देई, मात्र ती चर्चच्या चौकटीत आणि आपल्या देखरेखीखाली बसविल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

दोन महासंघ : अमेरिकेतील पोलिश लोकांना एकत्र आणण्यासाठी १८७३ मध्ये पोलिश रोमन कॅथलिक युनियन ही संघटना निघाली. डिट्रॉइटचा धर्मगुरू तेओदोर गिएरिक याने तिची कल्पना मांडली व बाझिन्स्कीसह अनेक धर्मगुरूंनी ती उचलून धरली. गिएरिकला सर्व पोलिश लोकांना सामावून घेणारी संघटना अभिप्रेत होती. बाझिन्स्कीच्या प्रभावामुळे ती स्पष्टपणे कॅथलिकांची व धर्मगुरूंच्या नेतृत्वाखालील संघटना झाली. १८८० मध्ये फिलाडेल्फियात पोलिश नॅशनल अलायन्स ही दुसरी संघटना स्थापन झाली. १८६३ च्या उठावातील एक नेता आगातोन गिलर याच्या विचारांची प्रेरणा तिच्यामागे होती. पोलंडचे स्वातंत्र्य हे पहिले ध्येय व धर्म कोणताही असो, पोलिश राष्ट्राशी एकनिष्ठ असलेला प्रत्येक जण सभासद होण्यास पात्र, अशी तिची भूमिका होती.

दोन्ही पक्षांत राष्ट्रप्रेमाची उणीव नव्हती. मतभेद होता तो राष्ट्र कशाने टिकते याविषयी. श्रद्धा गेली की मुलांची भाषा जाईल व भाषेबरोबर राष्ट्रही जाईल, असे युनियनच्या लोकांना वाटे. उलट सर्व सूत्रे धर्मगुरूच्या हाती राहिली, तर लोक कधीच स्वतंत्र नागरिक होणार नाहीत आणि पोलंडमधील ज्यू, प्रॉटेस्टंट व धर्मनिरपेक्ष विचारांचे देशभक्त राष्ट्राबाहेर पडतील, असे अलायन्सचे म्हणणे होते. उठावात भाग घेतलेला बाझिन्स्की आणि उठावाचाच वारसा सांगणारी अलायन्स यांच्यातील हा संघर्ष म्हणजे एकाच पराभवातून काढलेल्या दोन निष्कर्षांचा संघर्ष होता. सर्व पक्षांना एकत्र आणण्यासाठी १८९४ मध्ये बाझिन्स्कीच्या पुढाकाराने लीगा पोल्स्का ही संघटना निघाली. परंतु परस्पर अविश्वासामुळे ती अल्पजीवी ठरली.

मालकीचा प्रश्न : या वैचारिक वादाला प्रत्यक्ष धार आली ती चर्चच्या मालमत्तेवरून. अमेरिकेत शासन चर्चला कोणतेही साहाय्य देत नाही. जमीन, इमारत, घंटा, धर्मगुरूचा उदरनिर्वाह या सर्वांचा खर्च धर्मग्रामातील लोकांनाच करावा लागे. युरोपात हा खर्च बहुधा जमीनदार किंवा शासन यांनी केलेला असे व त्याबरोबर धर्मगुरूच्या नेमणुकीत जमीनदाराला मतही असे. येथे तो खर्च आपण करतो, तेव्हा ते मतही आपले, असा निष्कर्ष शेतकऱ्यांनी काढला. चर्चच्या व राज्याच्या कायद्यानुसार मात्र शिकागो धर्मप्रांतातील सर्व चर्च-मालमत्ता बिशपच्या नावावर राहत असे. वर्गणीदारांना तीवर कायदेशीर हक्क नव्हता.

सेंट स्टॅनिस्लॉसपासून जवळच संत जोसेफ मंडळाच्या सभासदांनी १८७३ मध्ये होली ट्रिनिटी हे दुसरे चर्च बांधले. ते स्वतंत्र धर्मग्राम असावे व त्याचा कारभार विश्वस्तांनी पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. बाझिन्स्की व बिशप यांच्या मते ते सेंट स्टॅनिस्लॉसचेच दुय्यम उपासनास्थान होते. काही वर्षे तेथे व्होयचेह मिएल्चुश्नी या धर्मगुरूने काम केले. १८८१ मध्ये तो मरण पावताच चर्चला टाळे लागले. त्यानंतर ते काही काळ उघडले व पुन्हा बंद झाले. आपण बांधलेल्या चर्चच्या बंद दारासमोर उभे असलेले लोक आणि जवळच खचाखच भरलेले सेंट स्टॅनिस्लॉस असे चित्र वर्षानुवर्षे दिसत होते. एका बाजूचे बहुतेक लोक अलायन्सचे, तर दुसऱ्या बाजूचे युनियनचे. एकाच गावाहून आलेली, शेजारी राहणारी कुटुंबे एकमेकांशी बोलेनाशी झाली.

आर्चबिशप पॅट्रिक फीहान यालाही हा तंटा सोडविता आला नाही. अखेर पोपचा अमेरिकेतील पहिला प्रतिनिधी फ्रान्चेस्को सातोली जून १८९३ मध्ये शिकागोत आला व त्याने तडजोड घडवून आणली. होली ट्रिनिटी चर्चची मालमत्ता बिशपच्या नावावर गेली. परंतु तेथील कारभार पुनरुत्थान संघाकडे न देता होली क्रॉस या दुसऱ्या संघाकडे देण्यात आला. काझिमीएश श्तुच्को हा त्या संघाचा तरुण धर्मगुरू तेथे आला व १९४९ पर्यंत त्या पदावर राहिला. मालकीच्या तत्त्वावर चर्चचा विजय झाला; बाझिन्स्कीच्या एकछत्री वर्चस्वावर मात्र लोकांनी मर्यादा घातली.

स्वतंत्र धर्मग्रामांची चळवळ : सर्वच तंटे असे मिटले नाहीत. सेंट हेडविग धर्मग्रामाचा प्रमुख व्हिंत्सेन्तीचा धाकटा भाऊ योझेफ बाझिन्स्की हा होता. तेथील साहाय्यक धर्मगुरू आंतोनी कोझ्वोव्हस्की याच्याभोवती असंतुष्ट लोक जमले. फेब्रुवारी १८९५ मध्ये तेथे दंगल झाली व पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला. शेकडो कुटुंबांनी बाहेर पडून ऑल सेंट्स हे स्वतंत्र चर्च स्थापन केले. कोझ्वोव्हस्कीला धर्मबहिष्कृत करण्यात आले. त्याने रोमशी संबंध तोडलेल्या जुन्या कॅथलिक पंथाशी संधान बांधले व नोव्हेंबर १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली.

ही चळवळ शिकागोपुरती नव्हती. डिट्रॉइटमध्ये दोमिनिक कोलाशिन्स्की या धर्मगुरूचे अनुयायी १८८५ पासून बिशपशी झगडत होते. १८९४ मध्ये तेथे समेट झाला. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे फ्रान्चिशेक होदुर याने १८९७ मध्ये खाणकामगारांच्या स्वतंत्र धर्मग्रामाचे प्रमुखपद स्वीकारले. मालमत्तेची मालकी लोकांकडे असावी व धर्मगुरूच्या नेमणुकीत त्यांना मत असावे, या मागण्या घेऊन तो रोमला गेला. परंतु त्या मान्य झाल्या नाहीत व १८९८ मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आले. त्यातून पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च हा स्वतंत्र पंथ निर्माण झाला. कोझ्वोव्हस्कीच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये होदुरला उट्रेक्ट येथे बिशपपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकेतील बहुसंख्य पोलिश कॅथलिक मात्र रोमशी एकनिष्ठ राहिले. बाझिन्स्कीसारख्या धर्मगुरूंनी रोमच्या चौकटीत राहूनही पोलिश भाषा, शाळा व संस्था शक्य करून दाखविल्या, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

धर्मग्रामाची पतपेढी व अखेर : नव्याने आलेल्या शेतकऱ्याचा अमेरिकन बँकांवर विश्वास नव्हता, तेथील भाषाही त्याला समजत नसे. आपली शिल्लक तो धर्मगुरूकडे ठेवावयास देई. या प्रथेतून सेंट स्टॅनिस्लॉसमध्ये धर्मग्रामाची पतपेढी उभी राहिली. ठेवींवर लोकांना व्याज मिळे व त्या पैशातून चर्च, शाळा व नवे धर्मग्राम यांना कर्जे दिली जात. ही व्यवस्था कल्पक होती. गरीब लोकांच्या लहानलहान ठेवींमधून मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या. परंतु तिच्यात एक मूलभूत दोष होता. पैसा इमारतींत गुंतलेला असल्याने मागणी येताच तो परत करणे शक्य नव्हते. हिशेबांवर स्वतंत्र देखरेख नव्हती. अमेरिकेत बँकांतील ठेवींना शासकीय विम्याचे संरक्षण १९३३ मध्ये मिळाले. त्यापूर्वी ठेवीदाराचा एकमेव आधार म्हणजे ठेव स्वीकारणाऱ्याची पत. येथे ती पत बाझिन्स्कीची वैयक्तिक होती.

२ मे १८९९ रोजी शिकागो येथे बाझिन्स्की मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर पतपेढीची देणी व उपलब्ध रक्कम यांतील मोठी तफावत उघडकीस आली. त्याने स्वतःसाठी संपत्ती साठविली नव्हती. पैसा चर्च व शाळा यांच्या भिंतींत गेला होता. तथापि ज्यांच्या आयुष्यभराच्या कमाईच्या त्या ठेवी होत्या, त्यांच्या दृष्टीने या भेदाला फारसा अर्थ नव्हता. त्याच्या जागी आलेला यान कास्पझित्स्की व पुनरुत्थान संघ यांना हे ओझे दीर्घकाळ वाहावे लागले.

उत्तरकाल व मूल्यमापन : बाझिन्स्कीच्या हयातीत अमेरिकेतील रोमन कॅथलिक चर्चमध्ये एकही पोलिश बिशप नव्हता. या विषमतेविरुद्ध विस्कॉन्सिनमधील धर्मगुरू व इतिहासकार व्हात्स्वाव्ह क्रुश्का याने विसाव्या शतकाच्या आरंभी चळवळ केली. २९ जुलै १९०८ रोजी शिकागोतील धर्मगुरू पॉल रोडे याला साहाय्यक बिशपपदाची दीक्षा मिळाली व तो अमेरिकेतील पहिला पोलिश रोमन कॅथलिक बिशप ठरला. स्वतंत्र पंथाकडे लोक वळत असल्याची भीती या निर्णयामागे होतीच.

डब्ल्यू. आय्. टॉमस व फ्लोरियन झ्नान्येत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी १९१८–२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या द पोलिश पेझंट इन यूरोप अँड अमेरिका या ग्रंथात अमेरिकेतील पोलिश धर्मग्रामाचे विश्लेषण केले आहे. त्यांच्या मते हा धर्मग्राम निव्वळ धार्मिक संस्था नसून मायदेशी मागे राहिलेल्या ग्रामसमाजाची नव्या भूमीवर झालेली पुनर्रचना होती. बाझिन्स्कीच्या कार्याचे मर्म या विवेचनात आले आहे. राज्य नसलेल्या लोकांना त्याने राज्याच्या बऱ्याचशा संस्था मिळवून दिल्या. त्या उभारताना लोकांनी पैसा व श्रम दिले, संघटन शिकून घेतले, सभा चालविल्या, हिशेब मागितले. यातूनच त्यांच्यात स्वामित्वाची भावना जागी झाली आणि ती त्याच्या अधिकारापुढे उभी ठाकली. समर्थकांनी त्याला समाजाचा पिता म्हटले, विरोधकांनी हुकूमशहा मानले. दोन्ही मतांना एकाच वस्तुस्थितीचा आधार होता : सर्व सूत्रे एका हाती असल्यामुळे एवढे काम इतक्या थोड्या काळात झाले आणि त्याच कारणामुळे समाज दुभंगला व पतपेढी बुडाली.

सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका चर्च पुढेही टिकून राहिले. १९५० नंतर शिकागोत केनेडी द्रुतगती महामार्गाची आखणी झाली, तेव्हा चर्च पाडले जाण्याची भीती निर्माण झाली होती. पोलिश समाजाच्या प्रयत्नांमुळे महामार्गाला येथे वळण देण्यात आले व तो चर्चला अगदी लगटून गेला. १९६४ मध्ये वीज पडून एका मनोऱ्याचा घुमट नष्ट झाला. पुढील काळात मूळ पोलिश कुटुंबांपैकी बरीच उपनगरांत गेली व त्यांची जागा स्पॅनिशभाषी स्थलांतरितांनी घेतली. त्यांच्यासाठी या चर्चमध्ये स्पॅनिश भाषेतही मिस्सा होऊ लागली. बाझिन्स्कीने उभारलेली वास्तू अशा रीतीने दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाच्याही उपयोगी पडली.